सोलापुरात नवी पेठेमागं नवीन बिल्डिंगसमोर फुटपाथच उरला नाही, अर्ज कुणाला देऊ?

मधलीगल्ली: लवकर मदत हवी. आमच्याजवळ नवीन बिल्डिंग झालीय, त्यांनी रॅम्प सरळ बाहेर काढलाय, वर गुळगुळीत फरशी. काल आईची काठी घसरली, मी दंड धरला म्हणून वाचली आणि मागनं रिक्षा हॉर्न मारतीय. वॉचमन म्हणतो मालकाला विचारा, मालक भेटत नाही. शेजारी म्हणतात रस्ता आधीच बारीक, फुटपाथ काढूनच टाका, गाड्या तरी सुटतील. उद्या अर्ज द्यायचाय, काय लिहू?

बाळीवेसकर७: रस्ता किती फुटी? दुकानं का फ्लॅट? रॅम्प त्यांच्या हद्दीत का बाहेर? टेपनं मोजलं का?

मधलीगल्ली: खाली दुकानं, वर ऑफिसं. हद्द मला काय माहीत, फुटपाथवर आहे म्हणजे बाहेरच ना!

दुकानदार_सोलापूर: आमची बाजू पण ऐका. नवी पेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून गिऱ्हाईक होटगी रोडला, जुळे सोलापूरला चाललंय. फुटपाथ वाढवला की धंदा बसला.

पायीपायी: दादा, गाडी कुठंबी लावली तरी दुकानात गिऱ्हाईक चालतच शिरतंय की. पुण्यात लक्ष्मी रस्ता ११ डिसेंबरला पादचारी दिनाला गाड्यांना बंद असतो, तेव्हा माणसं बायकापोरं घेऊन रस्त्याच्या मधून निवांत फिरतात.

दुकानदार_सोलापूर: पुण्याचं एका दिवसाचं झालं. आम्हाला वर्षभर दुकान उघडायचंय.

रेलिंगवाला: ताई का दादा माहीत नाही, पण आईसाठी बाथरूममध्ये स्टीलचा दांडा बसवून घ्या, भाचा करून देतो.

बाळीवेसकर७: अहो त्या रस्त्याचं विचारतायत!

निवृत्त_ओव्हरसियर: फुटपाथ काढा असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आयआरसी १०३, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे फुटपाथला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर पाहिजे, म्हणजे सहा फुटाला जरा कमी, बाजारात त्याहून जास्त. कडेची उंची १५० मिलिमीटरच्या आत. बिल्डिंगचा चढ प्लॉटच्या आत, पुढच्या मार्जिनमध्ये म्हणजे समोर सोडलेल्या मोकळ्या जागेत घ्यायचा असतो, बाहेर नाही. महापालिकेच्या झोन ऑफिसला अतिक्रमणाचा अर्ज द्या, एक प्रत बांधकाम परवान्याच्या खात्याला, पोच घ्या. मंजूर नकाशा माहिती अधिकारात मागा, १० रुपये लागतात, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि नकाशात पार्किंग कुठं दाखवलंय ते आधी बघा. नोकरीत मी किती वेळा पाहिलंय, कागदावर पार्किंग, प्रत्यक्षात गोडाऊन. मग गाड्या रस्त्यावर, रस्ता बारीक, आणि दोष फुटपाथला.

पायीपायी: फुटपाथवर गाड्या लावत असतील तर वाहतूक शाखेला फोटो द्या. २०१७ च्या मोटार वाहन नियमात फुटपाथवर गाडी लावायला मनाईच आहे.

दुकानदार_सोलापूर: हातगाड्या उठवा आधी, मग आम्हाला शिकवा.

पायीपायी: फेरीवाल्यांचा २०१४ चा वेगळा कायदा आहे, त्यांना जागा ठरवून द्यायची असते. त्याचा इथं काय संबंध?

शेंगाचटणी: मी म्हणतो फुटपाथच्या कडेनं कडुनिंब लावा. एप्रिल-मेत ४० च्या वर गेल्यावर उन्हात चालणार कोण? सात रस्त्याहून पार्क चौकापर्यंत जाऊन बघा, सावली असेल तिथंच माणसं थांबतात.

बाळीवेसकर७: झाडं नंतर बघू, आधी यांच्या आईला चालायला जागा होऊ दे. मधलीगल्ली, मोजलं का?

मधलीगल्ली: आत्ता मोजून आलो, भाऊ टेप धरून होता. फुटपाथ सात फूट, त्यातले पाच फूट रॅम्प, उरलेल्या दोन फुटांत लाईटचा डीपी, म्हणजे विजेची पेटी. आईलाच काय, मलाबी आडवं होऊन जावं लागतंय. आणि ओव्हरसियर काका, तुम्ही म्हणालात तेच निघालं. तळमजल्याला बाहेरून पार्किंगचा बाण रंगवलाय, शटरच्या फटीतून बघितलं तर आत चादरीचे गठ्ठे नि खोकी छतापर्यंत. समोर रस्त्यावर अकरा मोटारसायकली आणि एक टेम्पो मोजला. सगळे फोटो तारखेसकट काढलेत. शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या तर चालतील का, का एकट्याच्या नावानं देऊ?

निवृत्त_ओव्हरसियर: दोन्ही द्या. सह्यांचा अर्ज वेगळा, आईच्या नावानं वेगळा. आईच्या अर्जात बाकी काही लिहू नका, फक्त सात फूट, पाच फूट, दोन फूट.