मदत हवी आहे: ग्राहकाने ढकलल्यामुळे दुकानात बहिणीचं मनगट मोडलं

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण ठाण्यात कपड्यांच्या मोठ्या दुकानात बिलिंग काउंटरवर आहे. गेल्या रविवारी बिलाशिवाय ड्रेस बदलून द्यायला नकार दिला म्हणून एका ग्राहकाने तिला ढकललं. काउंटरच्या कडेवर पडून मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर आहे. आता दुकानाचा विषय काढला तरी ती गप्प होते, तेच मला जास्त लागतंय.

पोलिसांनी फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली. पण हाड मोडणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत आहे, मग कलम ११७ खाली एफआयआर व्हायला हवा ना? एक्स-रे जोडून पोलीस उपायुक्तांकडे लेखी तक्रार कोणी केली आहे का?

मॅनेजर म्हणतो, "रजा टाका." पगार १६,००० आहे, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) दर महिन्याला कापला जातो. कामावरची दुखापत धरली तर पगाराच्या ९०% दराने भत्ता मिळतो, पण मालक अपघाताचा अहवालच पाठवत नाही. ईएसआयच्या शाखा कार्यालयात आपण थेट गेलो तर दाद लागते का?

आणि सगळ्यात घाईचं: सीसीटीव्ही फुटेज पुसलं जाण्याआधी ते राखून ठेवायला कसं लावायचं? अर्जाचा नमुना असेल तर कृपया द्या.