गेमचा शेवट फोडणाऱ्यांना सूट किती द्यायची?

रातकिडा (धागाकर्ता)

आधीच सांगतो, लास्ट ऑफ अस २, रेड डेड रिडेम्प्शन २ आणि फायनल फँटसी ७ या तिन्ही गेम्सच्या गोष्टी या धाग्यात फुटणार आहेत. खेळायच्या राहिल्या असतील तर इथूनच परत फिरा. नंतर ओरडू नका.

गेम आल्याच्या दुसऱ्या दिवशी मेलेल्या पात्राचा चेहरा व्हिडिओच्या थंबनेलवर (बाहेर दिसणाऱ्या चित्रावर) लावून वर लाल अक्षरांत 'डेथ सीन' लिहिणारी मंडळी सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्याबद्दल तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं: एवढं वाटतं तर नेट बंद ठेव. मला हे पटत नाही. माझ्या मते गेमची गोष्ट फोडणं सिनेमाची गोष्ट फोडण्यापेक्षा वाईट आहे. सिनेमात खून दुसरा कोणीतरी करतो. गेममध्ये बटण आपण दाबतो.

लास्ट ऑफ अस २ च घ्या. गेम आला १९ जून २०२० ला, पण एप्रिलच्या शेवटीच त्यातले सीन नेटवर सांडले होते. २०१३ च्या पहिल्या भागात आपण ज्याच्या रूपाने वावरलो तो जोएल दुसऱ्या भागात सुरुवातीलाच गोल्फच्या काठीने मारला जातो. मारणारी ॲबी. आणि मग गेमच्या मध्यावर आपल्यालाच सांगतात, आता ॲबी व्हा. सगळा डाव या क्रमावर उभा आहे. आधी तिची मनापासून चीड यायला हवी, तरच पुढे तिला चालवताना जीव अवघडतो. ज्यांनी हे एप्रिलमध्ये दोन ओळींत वाचलं त्यांचा राग दोन महिने आंबत राहिला, आणि तो ॲबीवर नव्हताच, गेम बनवणाऱ्यांवर होता. खेळायच्या आधीच निकाल लागलेला. पुढे ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला जीवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याचं सगळं खापर मी फुटलेल्या सीन्सवर फोडत नाही, पण अन्नात माती कालवली गेली ती तिथे.

येऊ द्या मतं.

पीसीवाला

माझं मत बरोबर उलट. माझ्याकडे कन्सोल (प्लेस्टेशनसारखं खास गेमचं यंत्र) नाही. लास्ट ऑफ अस २ पीसीवर आला ३ एप्रिल २०२५ ला, म्हणजे जवळजवळ पाच वर्षांनी. पाठोपाठ याच गेमवरच्या टीव्ही मालिकेचा दुसरा सीझनही आला आणि जोएल मरतो तो भाग अमेरिकेत लागला २० एप्रिलला. कोरी पाटी घेऊन खेळायला सतरा दिवस, तेही नोकरी सांभाळून! रेड डेड २ पीसीवर यायला वर्ष लागलं, गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉकला त्याहून जास्त. वर नवा गेम चार-पाच हजारांना, त्यामुळे सेलची वाट बघणं आलंच.

एवढी वर्षं जगाने माझ्यासाठी तोंडाला कुलूप लावावं का? आपल्याकडे बऱ्याच जणांच्या हाती गेम पडतो तोच गोष्ट माहीत असताना. तक्रार करत बसलो तर खेळणंच व्हायचं नाही. जोएलचं मला माहीत होतं. तरी एली, म्हणजे जोएलने लेकीसारखी जपलेली पोरगी, तो मरतो त्या खोलीचं दार ढकलते तेव्हा व्हायचं ते झालंच. माहिती वेगळी आणि बघणं वेगळं.

टंकाळा

+१ पीसीवाला. २०१८ च्या गेमबद्दल आज 'स्पॉयलरची (गोष्ट फुटण्याची) सूचना द्या रे' म्हणणाऱ्यांची गंमत वाटते.

मालवणी खाजा

आमच्याकडे जत्रेला दशावतार असतो. संकासुर मरणार हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. तरी माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत, कारण आज राजा काय बोलतो, राक्षस त्याला कसा अडवतो, हे आयत्या वेळी ठरतं. गोष्ट माहीत असल्याने रंगत कमी झालीय असं कधी पाहिलं नाही. शेवट कळल्यावर कोसळणारी गोष्ट मुळात लेचीपेची असते. दोष फोडणाऱ्याचा कमी, लिहिणाऱ्याचा जास्त.

बोरीबंदर

@मालवणी खाजा, दशावतारात तुमच्या हातात तलवार नसते. प्रेक्षक म्हणून बसलात तर तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण काही गेम्समध्ये 'काय घडलं' हे शोधून काढणं हाच खेळ असतो.

रिटर्न ऑफ द ओब्रा डिन पाहा (२०१८). तुम्ही विमा तपासनीस. बेपत्ता झालेलं जहाज रिकामं परत येतं आणि त्यावरच्या साठ माणसांपैकी प्रत्येकाचं नाव काय आणि त्याचं काय झालं हे ओळखायचं. मोजे, बोलण्याची ढब, कोण कोणाशेजारी झोपतो यावरून. यादी कोणी वाचून दाखवली तर शिल्लक काय राहिलं? आउटर वाइल्ड्सचं (२०१९) तर त्याहून अवघड. त्यात शस्त्र नाही, पॉइंट नाहीत, लेव्हल नाही. तुमच्याकडे साठत जातं ते फक्त ज्ञान. कुठे कसं जायचं हे ठाऊक असेल तर पहिल्याच फेरीत गेम संपवता येतो, आणि ते ठाऊक नसणं हीच त्या गेमची किंमत. तिथे गोष्ट लेचीपेची वगैरे काही नाही. कोडं आहे, आणि कोडं एकदाच सुटतं. मी मुद्दाम याहून पुढे एक अक्षर लिहीत नाही.

मालवणी खाजा

कोडी वेगळी ठेवू. ते मान्य. मी गोष्टीबद्दल बोलत होतो.

अनाहूत

यावर संशोधनही आहे. २०११ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधी सांगून, काहींना न सांगता. शेवट माहीत असलेल्यांना कथा जास्त आवडल्या. रहस्यकथासुद्धा. तेव्हा 'मजा गेली' हे आपल्याला वाटतं तेवढं खरं नाही.

रातकिडा

तो प्रयोग ठाऊक आहे. काही पानांच्या कथा होत्या त्या. चाळीस-पन्नास तास एखाद्या माणसासोबत भटकायचं, त्याच्या बंदुकीला तेल लावायचं, घोड्याला खरारा करायचा, आणि मग तो जातो, हे त्या मापाने कसं मोजणार? शिवाय २०१५ मध्ये जॉन्सन आणि रोझेनबाउम यांच्या अभ्यासात उलट निघालं होतं. आधी फुटलेल्या कथा लोकांना कमी भिडल्या, उत्कंठाही उतरली. म्हणजे शास्त्राने अजून कोणाच्याच पदरात निकाल टाकलेला नाही.

मीठभाकर

घोड्याला खरारा म्हणालात म्हणून लिहिते. रेड डेड २ मधल्या आर्थर मॉर्गनला क्षय होतो हे मला मासेमारीच्या एका व्हिडिओखालच्या कमेंटमध्ये कळलं. व्हिडिओ आमिषं कुठली वापरायची याचा! त्या माणसाला शिव्या देऊन झाल्या. मग गेम सुरू केला आणि दुसऱ्या चॅप्टरमध्ये ते कर्जवसुलीचं मिशन आलं. थॉमस डाउन्स नावाचा कंगाल शेतकरी, आर्थर त्याला कुंपणाशी धरून बडवतो आणि तो आर्थरच्या तोंडावर खोकतो.

पहिल्यांदा खेळणारे तिथून पुढे निघून जातात. मी थांबले. मिशन टाळता येत नाही, गोष्ट पुढेच सरकत नाही. पैसे किती, तर नगण्य. तेवढ्यासाठी हा माणूस स्वतःचं मरण वसूल करतोय आणि बटण मी दाबतेय. फुटलं नसतं तर हा प्रसंग माझ्या लक्षातही राहिला नसता. तेव्हा त्या कमेंटवाल्याचे आभार मानू की काय, असं झालंय.

टंकाळा

वा! हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी.

रातकिडा

@मीठभाकर, प्रतिसाद सुंदरच, पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत. हा आनंद दुसऱ्यांदा खेळताना मिळतो. तो सगळ्यांनाच मिळतो, गेम पुन्हा सुरू केला की झालं. त्या कमेंटवाल्याने तुम्हाला दुसऱ्या वेळचा आनंद आधी दिला आणि पहिल्या वेळचा कायमचा काढून घेतला.

आणि एक सांगा, तुम्ही तिथून पुढे आर्थरला कसं खेळवलंत? कारण त्या गेममध्ये ऑनर आहे. चांगलं वागलात की वर, वाईट वागलात की खाली, आणि शेवट त्यावर बदलतो. आर्थरला स्वतःला आजार कळतो तो थेट सहाव्या चॅप्टरच्या तोंडाशी, सेंट डेनिसमधल्या डॉक्टरकडे. तोवर तो एक गुंड आहे आणि आपणही त्याच्यासोबत खुशाल गाड्या लुटत असतो. मग बातमी कळते आणि माणूस वळतो. आपणही वळतो. ज्याला आधीच माहीत आहे तो दुसऱ्या चॅप्टरपासूनच भिकाऱ्यांना पैसे वाटत सुटतो. आर्थरला न कळलेल्या गोष्टीचा पश्चात्ताप खेळाडू करत बसतो! सिनेमात असं होत नाही, कारण तिथला नायक तुमच्या माहितीवर चालत नाही.

मीठभाकर

हं. वाटलेच मी पैसे. पार त्या आंधळ्या भिकाऱ्यालासुद्धा, दिसला की प्रत्येक वेळी. पण मला तसा आर्थर जास्त आवडला, त्याचं काय करू?

घाटावरचा

सगळे खेळाडूंबद्दल बोलताहेत, कंपन्यांबद्दल कोणीच नाही. 'स्पॉयलर नको' हे कंपन्यांच्या हातातलं सोयीचं हत्यार आहे.

एप्रिल २०१७, पर्सोना ५. गेम काढणाऱ्या ॲटलसने तो खेळताना नेटवर दाखवणाऱ्यांना (स्ट्रीमर्सना) बजावलं की गेममधल्या ७ जुलै या तारखेपुढचं काही दाखवायचं नाही, नाहीतर कॉपीराइटचा दावा ठोकू, अकाउंट जाऊ शकतं. पीएस४ चं (प्लेस्टेशन ४) शेअरचं बटणही गेमने बंद ठेवलं होतं. पैसे भरून घेतलेल्या गेमचं चित्र मित्राला पाठवायची सोय नाही! ओरड झाल्यावर मर्यादा १९ नोव्हेंबरपर्यंत सरकवली. लास्ट ऑफ अस २ च्या वेळी समीक्षकांना उत्तरार्धाबद्दल लिहायला मनाई होती. म्हणजे ॲबीचा जो भाग सगळ्यात वादग्रस्त, ज्यावर गेम घ्यायचा की नाही हे ठरणार, त्याबद्दल गिऱ्हाइकाला आधी काही कळू नये. आणि ट्रेलर? त्यात एलीच्या मागून येऊन तिचं तोंड दाबणारा जोएल दाखवला. गेममध्ये त्या जागी एलीचा मित्र जेसी निघतो, जोएल तोवर कधीच मेलेला. ही सरळ फसवणूक. फुटलेल्या सीन्समुळे निदान काही जणांना कळलं की आपण कशाला पैसे देतोय.

रातकिडा

ट्रेलरमधला जोएल मला फसवणूक वाटत नाही. जादूगार डावा हात दाखवतो तेव्हा उजव्यात काय आहे हे सांगत नाही, हे तिकीट काढणाऱ्याला ठाऊक असतं. ॲटलसबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. धमकी देऊन रहस्य राखणं चूकच. शिष्टाचार माणसांनी आपणहून पाळायचा असतो, वकिलाच्या नोटिशीने नाही.

घाटावरचा

जादूगार साठ डॉलर घेत नाही. आणि उत्तरार्धाच्या मनाईबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत.

खट्याळ_कार्टं

लास्ट ऑफ असच्या पहिल्या भागाच्या शेवटी जोएल हॉस्पिटलमध्ये जाऊन

(प्रतिसाद अर्धवट ठेवला आहे, मंडळी किती दचकतात ते बघायचं होतं :ड)

बोरीबंदर

हलकट आहेस लेका. धागाकर्त्याने फक्त दुसऱ्या भागाची सूचना दिली होती.

अनाहूत

मुदतीचा प्रश्न राहिलाच. किती दिवस थांबायचं? फायनल फँटसी ७ मध्ये एरिथ मरते. १९९७ चा गेम. आज ते फोडलं म्हणून कोणी भांडत नाही. उलट रीमेक करताना सगळ्यांना हे ठाऊक आहे हेच बनवणाऱ्यांनी भांडवल केलं. २९ फेब्रुवारी २०२४ ला रीमेकचा दुसरा भाग रीबर्थ आला तेव्हा लोक हाच प्रश्न घेऊन बसले होते की या वेळी तरी ती वाचते का. जुनं फुटलेलं होतं म्हणूनच नवी उत्कंठा तयार झाली.

रातकिडा

हे मात्र खरं. पण त्याच मालिकेतला २०२० चा रीमेक कोविडमुळे काही देशांत ठरलेल्या तारखेआधीच पाठवावा लागला, तेव्हा बनवणाऱ्यांनीच हात जोडले होते की ज्यांना लवकर मिळेल त्यांनी इतरांसाठी गप्प राहा. तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट असूनही! कारण बदल काय केलेत ते नवीन होतं.

मुदतीबद्दल माझं म्हणणं: शीर्षकात आणि थंबनेलवर कधीच नको, दहा वर्षांनीही नको. तिथे वाचणाऱ्याला नजर वळवायचीही संधी नसते. आत, सूचना देऊन, गेम आल्याच्या रात्रीसुद्धा लिहा. चर्चा बंद करा असं मी म्हणतच नाही. आमिषांच्या व्हिडिओखाली क्षय कशाला?

टंकाळा

थंबनेलवाले ऐकणार नाहीत. क्लिकवर त्यांचं पोट आहे. शिष्टाचार शिकवून कोणाचा चॅनल चालत नाही.

मीठभाकर

ट्रॉफीच्या (गेममधले टप्पे गाठल्यावर मिळणाऱ्या बक्षिसांच्या) याद्याही बघू नका कोणी. गुप्त ट्रॉफी झाकलेल्या असतात, पण बाकीच्यांची नावं वाचूनही अर्धी गोष्ट कळते.

पीसीवाला

रातकिडा, तुमचा नियम तुम्हाला परवडतो, कारण तुमच्याकडे गेम पहिल्या दिवशी येतो. जीटीए ६ (ग्रँड थेफ्ट ऑटो ६) हा गेमही आधी कन्सोललाच. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याचे नव्वदेक व्हिडिओ फुटले तेव्हा मी सगळे पाहिले, आणि गेम आला की मित्राच्या घरी बसून त्याचा शेवटही बघणार, वडापाव खात. पीसीवर येईल तेव्हा पुन्हा खेळेन. माझी पहिली वेळ कुठली आणि दुसरी कुठली हे तुम्हीच ठरवा.

रातकिडा

मित्राकडे जा खुशाल. फक्त घरी आल्यावर इथे शीर्षकात लिहू नका म्हणजे झालं.

पीसीवाला

बघू :)