घडीव, ठोकीव की मठारलेलं?

उपशीर्षकवाली:
मंडळी, जरा मदत करा. कोरियातल्या एका चांदीकाम करणाऱ्या कारागिरावरच्या छोट्या फिल्मची मराठी उपशीर्षकं करतेय. सपाट चकतीपासून तो निव्वळ हातोड्याने वाडगा करतो. मी 'हाताने ठोकलेला वाडगा' लिहिलं, तर नवरा म्हणाला, "कुणाचा ठोकलाय?" 'ठोकीव' चालेल का? आणि कारागिराला काय म्हणू? 'सोनार' म्हटलं की लोक सोनं शोधत बसतील.

तांबटआळी:
ठोकीव नको, ठोकतात खिळा. भांडं 'घडवतात'. साच्यात ओतलं तर 'ओतीव', पत्र्यातून उठवलं तर 'घडीव'.

पण ठोक्यांचेही दोन प्रकार असतात, आणि तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. पहिले ठोके आकार आणणारे. फेरीवर फेरी, गोल गोल. मार खाऊन चांदी ताठरते, आणि तशीच रेटली तर काठाला चीर जाते. म्हणून मधेमधे भट्टीत धरून नरम करायची. शुद्ध चांदी ९६२ अंशांच्या आसपास वितळते. ९२५ ची, म्हणजे हजारात ७५ भाग बहुधा तांबं असलेली, त्याच्या बरीच आधी पाघळायला लागते. तेव्हा मंद लाली दिसली की हात मागे. ती लाली भर उजेडात दिसतच नाही, म्हणून भट्टीचा कोपरा अंधारा ठेवतात.

दुसरे ठोके मठाराचे. आकार झाला, की आरशासारखं घासलेल्या तोंडाच्या हातोड्याने एकाला लागून एक हलके ठोके द्यायचे. प्रत्येक ठोक्याचा एक पैलू उमटतो, भांडं चमकतं आणि मजबूतही होतं. पुण्यात कसबा पेठेतले तांबट तांब्यावर करतात ते हेच मठारकाम. आजोबा बंब मठारायचे तेव्हा मी उंबऱ्यावर बसून आवाज ऐकायचे. नरम तांबं 'थप्' बोलतं, कडक झालं की 'टण्'. आजोबांना कानानेच कळायचं.

तुमच्या वाडग्यावर पैलू दिसतात का?

उपशीर्षकवाली:
बाहेरून पैलूच पैलू, आतून गुळगुळीत. म्हणजे आधी घडवला, मग मठारला?

तांबटआळी:
अगदी.

सोलकर:
मी सोलमध्ये राहतो, म्हणून हे टोपणनाव. मूळ संवादात कुठला शब्द आहे? 'तान्जो' असेल तर घडाई, कुठल्याही धातूची. पण 'पांग्जा' ऐकू आलं तर सावध व्हा, ती चांदी नव्हे. ते आपलं कासं: ७८ भाग तांबं, २२ भाग कथील. थंड असताना हातोडा मारला तर तडकतं, म्हणून तापलेलं असतानाच चारपाच जण पाळीपाळीने ठोकतात. गंमत म्हणजे तापलेलं पोलाद पाण्यात बुडवलं की कडक होतं, या काशाचा उलट ठिसूळपणा कमी होतो. ही भांडी करणाऱ्यांच्या कलेला कोरियन सरकारने १९८३ मध्ये राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतलं.

आणि भांड्यांचा विषय निघालाच आहे, तर 'आन्सोंग-माच्चुम' सांगितल्याशिवाय राहवत नाही. आन्सोंग हे ग्योंगी प्रांतातलं काशाच्या भांड्यांचं गाव. तिथे सांगून करून घेतलेली वस्तू हवी तश्शी मिळायची. आता भांडी बाजूला राहिली, पण कुठलीही गोष्ट चपखल बसली की लोक 'आन्सोंग-माच्चुम' म्हणतात.

उपशीर्षकवाली:
'तान्जो'च आहे, हुश्श. कारागिराचं काय?

सोलकर:
तिकडे 'उन' म्हणजे चांदी आणि 'उन्जांगी' म्हणजे चांदीचा कारागीर. शेवटचं '-जांगी' नीट ऐका हं. '-जेंगी' झालं की तो प्रत्यय कसबाचा राहत नाही, खोडीचा होतो. भित्र्याला, हट्टी पोराला लावतात तो.

जुना कोश:
मराठीची अडचण निराळी. सोनार आहे, लोहार आहे, कासार आहे, तांबट आहे. चांदीवाला मात्र कुणीच नाही! चांदीला 'रुपं' हा शब्द जुना, पण त्यावरून 'रुपार' काही झाला नाही. चांदी सोनाराच्याच ऐरणीवर गेली. 'रौप्यकार' बनवता येईल, पण रौप्य आता पदकात आणि महोत्सवात तेवढं उरलंय. ऐकणाऱ्याला वाटेल, बक्षीस समारंभ सुरू झाला. एकदा 'चांदीचा कारागीर' लिहा आणि पुढे नुसता 'कारागीर'.

उपशीर्षकवाली:
लिहिलं. सुरुवातीला 'चांदी घडवतोय', शेवटच्या दृश्यात 'वाडगा मठारतोय'. नवऱ्याला दाखवलं. तो विचारतो, "मठारतोय म्हणजे काय?"

तांबटआळी:
अहो ताई, तेव्हा पडद्यावर हातोडा चालूच असेल ना? बघ म्हणावं.