वायफायचा पासवर्ड पोरांना द्यायचा की नाही?

लॅबवाला:
काल एका प्राध्यापकांनी इथे लिहिलं, "कॉलेजचं वायफाय विद्यार्थ्यांना खुलं करा, पासवर्ड सांगायला लॅबवाल्यांचं काय जातं?" काय जातं ते सांगतो. तालुक्याच्या कॉलेजात 11 वर्षं लॅब सांभाळतोय. लाइन एकच, त्यावर ऑफिस, लायब्ररी आणि दोन लॅब. गेल्या वर्षी एका सरांनी स्टाफचा पासवर्ड वर्गात फळ्यावर लिहिला. नेटवर यायला प्रत्येक मोबाइलला राउटरकडून एक पत्ता लागतो; दुपारपर्यंत असे 254 पत्ते संपले. लीज, म्हणजे पत्ता राखून ठेवायची मुदत, 24 तासांची, त्यामुळे पोरं घरी गेली तरी पत्ते अडकलेलेच. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर. प्रश्नपत्रिका ऑनलाइन येते, हातात वेळ थोडा, आणि परीक्षेपुरता चालू होणारा पीसी नेटवरच येईना. माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पेपर उतरवला. झेरॉक्स मशीनपाशी उभा होतो तेव्हा हात थरथरत होते. चुकलं असतं तर मेमो कुणाला मिळाला असता?

धागा_काढणारा_मास्तर:
ते मीच लिहिलं होतं. फळ्यावर पासवर्ड लिहिणं चूक, मान्य. पण लीज दोन तासांवर आणायला पाच मिनिटं लागतात. ती का आणली नव्हती? दोष तुमचा आणि शिक्षा पोरांना, हे पटत नाही.

लॅबवाला:
सर, राउटरचा ॲडमिन पासवर्ड बसवणाऱ्या एजन्सीने स्वतःकडेच ठेवला होता. चार अर्ज केले, तेव्हा मिळाला. त्याच दिवशी लीज बदलली.

बीएस्सी_शेवटचं_वर्ष:
सर, मी वाडीवर राहते. रेंजसाठी देवळामागच्या टेकाडावर जावं लागतं. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म भरताना ओटीपी यायचा, तोवर पेज बंद पडायचं. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी तालुक्याला कॅफेत पैसे देऊन भरला. कॉलेजच्या पावतीवर कॉम्प्युटर फी वेगळी लावलेली असते. आमचा कोर्स विनाअनुदानित, म्हणजे लॅबवाल्यांचा पगारही आमच्याच फीतून. मग आम्हालाच दार बंद का?

लॅबवाला:
पगाराचा विषय काढलास म्हणून बोलतो. 11 महिन्यांची ऑर्डर असते, बाराव्या महिन्यात घरी बसतो. त्या पगारात लॅब, ऑफिसचे प्रिंटर, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, प्राचार्यांचा लॅपटॉप, सगळं बघतो.

ऑफिसातला_क्लार्क:
अगदी खरं. आमच्याकडे क्लार्क निवृत्त झाला, जागा भरली नाही. प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षा अर्ज, सगळं एका टेबलावर. पोर्टल वाढले, माणसं घटली. शिक्षकांच्या रिक्त जागांवर मोर्चे निघतात, शिक्षकेतरांचं नाव तरी कोण घेतं?

धागा_काढणारा_मास्तर:
सीएचबीवर, म्हणजे कायम नोकरी नसताना तासांच्या हिशोबाने शिकवणाऱ्यांचं काय? मी सहा वर्षं काढली त्यात. दुःख फक्त तुम्हालाच आहे असं बोलू नका.

ऑफिसातला_क्लार्क:
तुम्ही कायम झालात ना? मग राहू द्या.

ग्रंथपाल_ताई:
भांडा, पण दुखणं ओळखा. सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड, इथेच घोळ आहे. एन-लिस्ट ही कॉलेजांना ऑनलाइन वाचनसाहित्य देणारी योजना बघा, तिथे प्रत्येकाचा आयडी वेगळा. पोरगी घरूनही वाचू शकते. एर्नेट या सरकारी संस्थेचं एज्युरोम, म्हणजे शिक्षणसंस्थांमधलं सामाईक वायफाय, तेही असंच चालतं, ज्याचा त्याचा आयडी. नेटवर्कला का नको?

लॅबवाला:
ताई, आयडी दिला की नोंदी आल्या. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांत लॉग, म्हणजे या नोंदी, 180 दिवस ठेवायला सांगितलंय. आमचा राउटर लाइट गेली की सगळं विसरतो. उद्या कुणी आमच्या नेटवरून धमकीचा मेल टाकला तर पोलीस माझ्याच खुर्चीपाशी येणार.

ग्रंथपाल_ताई:
म्हणूनच तर वेगळे आयडी हवेत. आज स्टाफच्या पासवर्डवरून कुणी मेल टाकला, तर नाव कुणाचं सांगणार आहात?

लॅबवाला:
हे उत्तर माझ्याकडे नाही. बरं. लॅबमधला एक जुना पीसी पडून आहे, त्यावर लॉगिन आणि लॉग दोन्ही बसतील. पण पोरांची लाइन परीक्षा विभागापासून वेगळी राहील, फक्त लायब्ररीत चालेल आणि पेपरच्या दिवशी बंद. यात तडजोड नाही.

धागा_काढणारा_मास्तर:
पेपरच्या दिवशी पूर्ण दिवस बंद कशाला? पेपर उतरला की चालू करा.

लॅबवाला:
आधी एक सत्र नीट जाऊ द्या, मग बघू.

बीएस्सी_शेवटचं_वर्ष:
सर, फॉर्मची मुदत संपायच्या आत होईल का? माझ्या धाकट्या भावाचा भरायचा आहे.

लॅबवाला:
पीसीची रॅम गेलीये. ती मिळाली की बसवतो. तोवर दुपारी दोननंतर लॅब रिकामी असते, त्याला घेऊन ये. कागदपत्रं स्कॅन करून आण.