नोकरी सोडताना किती दिवसांची नोटीस दिलीत? आपापले अनुभव लिहावेत

तेरीजवाली
काल रात्री भाच्याचा फोन आला. त्याच्या करारात नव्वद दिवसांची नोटीस आहे आणि नव्या कंपनीला तो तीस दिवसांत हवा आहे. मधल्या साठ दिवसांचे काय करायचे, असे त्याने मला विचारले, कारण हिशेबात आयुष्य घालवलेली आमच्या घरात मी एकटीच आहे. उत्तर द्यायचे सोडून मी त्याला १९९४ सालचा मार्च महिना सांगत बसले.

तेव्हा मी सांगलीजवळच्या एका कारखान्यात हिशेब विभागात होते. पुण्याची नोकरी मिळाली आणि २१ मार्चला हजर व्हायचे ठरले. नेमणूकपत्रात एक महिन्याची नोटीस होती. मी १२ मार्चला, म्हणजे नऊ दिवस आधी, राजीनामा नेऊन दिला. मुख्य लेखापालांनी तो वाचला, घडी घालून टेबलावरच्या काचेखाली सरकवला आणि "एकतीस मार्चनंतरची तारीख घालून आणा" एवढेच म्हणाले. मी नोटिशीच्या बदल्यात पगार कापून घ्यायला सांगितले, कपाटाच्या किल्ल्या दिल्या आणि निघाले. कागदावर मी पूर्णपणे बरोबर होते. तेरजेत, म्हणजे जमा आणि नावे बाजू जुळवून पाहण्याच्या तक्त्यात, चार रुपये पस्तीस पैशांचा फरक मात्र तसाच राहिला होता.

गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांगेत उभी असताना तेव्हा शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाई भेटल्या. मुलाबाळांची चौकशी झाल्यावर त्या अगदी सहज म्हणाल्या, "तुझे ते चार रुपये पस्तीस पैसे मला सात एप्रिलला सापडले. टपालखर्चाची एक नोंद एकाच बाजूला पडली होती. त्या वर्षी आमच्या थोरल्याची दहावी होती." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. मी लेखापालांवर मात केल्याच्या आनंदात होते आणि रात्री मात्र त्या बसल्या होत्या.

करारात किती दिवस होते, प्रत्यक्षात किती दिलेत आणि तो आकडा कशावरून ठरवलात, हे कृपया लिहावे. भाच्याला हा धागा वाचायला देणार आहे.

हिंजवडी फेज दोन
नव्वद दिवस पूर्ण भरले आणि त्यातले बहुतेक दिवस काहीही केले नाही. पहिल्या तीन आठवड्यांत माझी केटी, म्हणजे काम दुसऱ्याला शिकवून सोपवणे, संपली. ती ज्याला दिली, त्याने चौथ्या आठवड्यात स्वतःच पेपर टाकले, म्हणजे राजीनामा दिला. मग दुसऱ्या मुलाला तेच पुन्हा शिकवले. त्यानंतर दिवसभर कॅन्टीन आणि बसची वाट एवढाच उद्योग राहिला. ज्या कंपन्या आपल्या माणसाला तीन महिने सोडत नाहीत, त्यांच्याच जाहिरातींत "इमिजिएट जॉइनर हवा" असे लिहिलेले असते, याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही.

भाच्याला एक गोष्ट जरूर सांगा. उरलेले दिवस पैसे भरून विकत घेता येतात का, आणि येत असतील तर ते मूळ वेतनावर मोजतात की एकूण पगारावर, हे करारातल्या नेमक्या ओळीत पाहावे. मी विचारून पाहिले तेव्हा मला मनुष्यबळ विभागाने एकूण पगारावर हिशेब करून पाठवला होता. करारात "मूळ वेतन" असे शब्द होते. ती ओळ पिवळ्या रंगाने रंगवून परत पाठवल्यावर रक्कम निम्म्याहून खाली आली. दुरुस्त हिशेब निमूटपणे आला, दिलगिरीचा एक शब्दही आला नाही.

खडूफळा
आम्हा खाजगी शाळांतल्या शिक्षकांचे प्रकरण निराळे आहे. महाराष्ट्रात १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. कायम शिक्षकाने तीन महिन्यांची आणि अस्थायी शिक्षकाने एक महिन्याची नोटीस द्यायची असते. कायद्याच्या सातव्या कलमात राजीनामा दोन प्रतींत लिहून, दोन्हींवर सही आणि तारीख घालून, एक प्रत संस्थेला रजिस्टर टपालाने पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी, अशी तरतूद आहे. टपाल कशासाठी, असा प्रश्न नव्या लोकांना पडतो. मी १९९९ साली रुजू झाले त्या दिवशी नेमणुकीच्या कागदांबरोबर तारीख न घातलेल्या राजीनाम्यावरही माझी सही घेतली गेली होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

पुढे मी खरोखरच सोडायचे ठरवले, तेव्हा तीन महिन्यांचे गणित मागून मोजत आणले. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून जानेवारीच्या अखेरीस पत्र टाकले, दहावीच्या पेपरतपासणीपर्यंत थांबले आणि एप्रिलअखेर निघाले. वर्ग अर्ध्यावर टाकून जायचे नाही, हे माझे मीच ठरवले होते. नियमात ते कुठेही लिहिलेले नाही. टपालाची पावती अजून फायलीत आहे.

मिसळप्रेमी
शिल्लक रजा नोटिशीच्या दिवसांतून वजा करता येते का? माझ्या खात्यावर बावीस दिवस आहेत. घाईत विचारतो आहे, गॅसवर दूध आहे.

हिंजवडी फेज दोन
@मिसळप्रेमी, ते धोरणावर अवलंबून आहे. आमच्याकडे नोटिशीच्या काळात रजा घेतली की तेवढे दिवस पुढे ढकलले जात असत आणि रजेचे पैसे मात्र शेवटच्या हिशेबात मिळत असत. आधी लेखी विचारा आणि दूध उतरवा.

शिरोलीचा लेथ
मी पलीकडच्या बाजूने लिहितो आहे, म्हणून शिव्या बेताने द्याव्यात. शिरोली एमआयडीसीत माझे छोटे वर्कशॉप आहे, एकूण अकरा माणसे. आमच्याकडे नोटीस म्हणजे मोबाइल बंद लागणे. दिवाळीचा बोनस हातात पडला की भाऊबीजेनंतर कोण परत येतो आणि कोण येत नाही, हे पाहत मी शटरजवळ उभा असतो. एका वर्षी सीएनसीवरचा (संगणकाने चालणाऱ्या मशीनवरचा) चांगला मुलगा गेला. त्याच्याकडे अठरा हजारांची उचल बाकी होती, पण खरे दुखणे पैशाचे नव्हते. एका गिऱ्हाइकाच्या जॉबचे ऑफसेट, म्हणजे सेटिंगचे आकडे, तो मशीनवर ठेवत नसे, स्वतःच्या खिशातल्या डायरीत ठेवत असे. पहिले तीस नग भंगारात गेले.

पंधरा दिवसांनी तो स्वतःहून आला, डायरीतली चार पाने फाडून दिली आणि उचल हप्त्याने फेडतो म्हणाला. फेडलीही. शेजारच्या कारखान्यात त्याला महिना तीन हजार जास्त मिळत होते आणि "उद्यापासून ये, नाहीतर दुसरा बघतो" असे त्याला सांगितले गेले होते. आज त्याला दोष द्यावासा वाटत नाही. मला त्याने चार दिवस दिले असते तरी चालले असते, तीस दिवसांचे मी काय करणार होतो? तेव्हापासून प्रत्येक जॉबचा सेटिंगचा कागद मशीनच्या दारावर आतून चिकटवलेला असतो.

रात्रपाळी
लेथवाले दादा, तुमचे चार दिवसांचे म्हणणे पटले. मी परिचारिका आहे. नियुक्तिपत्रात तीस दिवस होते, मी पंचेचाळीस दिले, कारण पावसाळा होता, डेंग्यूचे रुग्ण वाढले होते आणि पुढच्या महिन्याचा ड्यूटी तक्ता आधीच लागला होता. मी तीस दिवसांत गेले असते तर माझ्या अकरा रात्री दोघींवर पडल्या असत्या, आणि त्यातल्या एकीचे बाळ सात महिन्यांचे होते. रुग्णालयाने मात्र या पंधरा जास्त दिवसांची जाणीव ठेवली नाही. माझी मूळ प्रमाणपत्रे त्यांनी रुजू होताना ठेवून घेतली होती, ती परत मिळायला सोडल्यानंतर पाच आठवडे आणि सहा हेलपाटे लागले. मूळ कागद कोणी कोणाकडे ठेवू नयेत, हे तेव्हा सांगणारे कोणी भेटले नाही.

तेरीजवाली
रात्रपाळीताई, तुमचा तक्ता आणि माझी तेरीज एकाच जातीची दिसते. तुम्ही तो पाहिलात, मी पाहिला नाही.

म्युनिककर
जर्मनीत मला ईमेलने राजीनामा देण्याची हौस एक महिन्याला पडली. माझ्या करारात तीन महिन्यांची नोटीस महिनाअखेरीस संपणारी अशी होती. करारात काही वेगळे नसेल तर कायद्याने कर्मचाऱ्याला चार आठवडे, तेही पंधरा तारखेला किंवा महिनाअखेरीस संपणारे, एवढेच पुरतात. मी २८ सप्टेंबरला सुबक पत्र टंकून, सही स्कॅन करून पाठवले आणि निवांत झालो. दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या बाईंनी फोन करून अत्यंत सौजन्याने सांगितले की, इथे राजीनामा कागदावर आणि शाईच्या सहीनेच द्यावा लागतो. ईमेलला कायद्याच्या दृष्टीने काहीच किंमत नाही. मी त्याच दिवशी टपालात टाकलेला कागद २ ऑक्टोबरला पोचला. तो ३० सप्टेंबरला पोचला असता तर मी ३१ डिसेंबरला मोकळा झालो असतो, तो ३१ जानेवारीला झालो. कार्यालय घरापासून ट्रामने वीस मिनिटांवर होते, हे आईला अजून सांगितलेले नाही.

न्यू जर्सीची सून
अमेरिकेत दोन आठवड्यांची नोटीस ही बहुतेक ठिकाणी केवळ रीत आहे. मी सोमवारी सकाळी नऊ वाजता रीतसर दोन आठवडे दिले आणि अकरा वाजता माझा लॅपटॉप बंद झाला. डेस्कवरचे तुळशीचे रोप सुरक्षारक्षकाने उचलून गाडीपर्यंत आणून दिले. एच-१बी, म्हणजे नोकरीशी बांधलेला व्हिसा, असल्यामुळे नव्या कंपनीचा अर्ज दाखल झाल्याची पावती हाती येईपर्यंत मी तोंड उघडले नव्हते, ते किती बरे केले हे तेव्हा कळले.

पाचवे वर्ष
सगळे नव्वद दिवसांना बोल लावत आहेत, म्हणून त्यांच्या बाजूने एक मत नोंदवतो. मी पेपर टाकले तेव्हा सेवा चार वर्षे दहा महिने झाली होती. नोटिशीचा काळ सेवेतच मोजला जातो, त्यामुळे शेवटच्या दिवशी पाच वर्षे पूर्ण होऊन वर एक महिना झाला आणि ग्रॅच्युइटी पदरात पडली. शेवटचे मूळ वेतन चाळीस हजार. त्याला सव्वीसने भागून पंधराने आणि पुन्हा पाचने गुणले की एक लाख पंधरा हजार तीनशे चौऱ्यांशी रुपये होतात. व्यवस्थापक तीस दिवसांत सोडायला तयार होते. माझी कामावरची निष्ठा पाहून ते गहिवरले.

खडूफळा
@पाचवे वर्ष, या निष्ठेला १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा आशीर्वाद होता.

काळा कोट
धाग्यात भीतीचा सूर दिसतो, म्हणून थोडे लिहिते. नोटीस पूर्ण न करता गेल्यास कंपनी तुम्हाला बळजबरीने कामावर बसवू शकत नाही. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीने पार पाडायला लावत नाही, हे १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यातले तत्त्व आहे. पैशाची मागणी मात्र ती करू शकते, आणि ती वाजवी असावी लागते. ठरावीक काळाआधी सोडल्यास पैसे भरण्याचा बॉण्ड म्हणजे निव्वळ धमकी, असे समजून निर्धास्त राहू नका. विजया बँकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली.

आणखी दोन गोष्टी. नोटिशीच्या बदल्यात कापलेल्या रकमेवर कोणी जीएसटी लावत असेल, तर ३ ऑगस्ट २०२२ चे परिपत्रक दाखवा. तो लागत नाही. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे आहे. "पंचेचाळीस दिवसांनी एफ अँड एफ (शेवटचा हिशेब) होईल" हे वाक्य ज्यांना तोंडपाठ झाले आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावे. माझे स्वतःचे विचाराल तर पहिल्या वकिलांचे कार्यालय मी एका दिवसात सोडले आणि पुढची दोन वर्षे न्यायालयाच्या जिन्यात त्यांना चुकवत हिंडले. त्यावर कोणतेही कलम नाही.

मिसळप्रेमी
दूध उतू गेले. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी मात्र दोन महिने आधी सांगितले होते. मुलीचे बाळंतपण होते म्हणून त्या गावी जाणार होत्या. शेवटचा आठवडाभर नव्या बाईंना सोबत आणून आमच्याकडे मीठ किती, आजोबांची भाकरी किती पातळ, कुठला बर्नर मंद चालतो, हे सगळे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्याशी आमचा कसलाच करार नव्हता.

हिंजवडी फेज दोन
मावशींचा पत्ता आमच्या डिलिव्हरी मॅनेजरना द्यावा. केटी कशी करतात, याचे प्रशिक्षण हवे आहे.

तेरीजवाली
सर्वांचे मनापासून आभार. भाच्याने धागा वाचला. आधी करारातली ओळ शोधली. तीत "मूळ वेतन" असेच आहे. मग त्याने नव्या कंपनीला पंचेचाळीस दिवस मागितले आणि ते त्यांनी ईमेलने मान्य केले. जुन्या व्यवस्थापकांनी अजून होकार दिलेला नाही, पण बाकी कामांची यादी करून आण, असे ते म्हणाले आहेत. ती यादी त्याने मला पाठवली: नऊ कामे, त्यांतली दोन खोडलेली. सातव्या कामापुढे "हे फक्त मलाच येते" असे लिहिले आहे. ते आधी कोणाला तरी शिकव, असे मी त्याला कळवले आहे.

शिरोलीचा लेथ
सातवे काम कागदावर उतरवून घ्यायला सांगा, ताई. डायरीत नको.

रात्रपाळी
आणि रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कार्यमुक्तीचे पत्र, हातात पडेपर्यंत पेढे आणू नकोस म्हणावे.