आधी घरात काय आहे ते बघा

यंत्रमागाचं काम थंडावलं की प्रार्थना करून वाट बघण्यापलीकडे हातात काही उरत नाही, असं काही जण म्हणतात. प्रार्थना हवीच, पण नुसती वाट बघणं पटत नाही. बायबलमधल्या २ राजे या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात सावकार देण्यापायी एका विधवेच्या मुलांना गुलाम करायला निघालाय आणि अलीशा संदेष्टा तिला विचारतो, घरात काय आहे? तर तेलाची एक बुधली. मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायची, तीही थोडकी नाही. दार लावून ओतत राहायचं. भांडी संपली तेव्हाच तेल थांबलं. पुढची आज्ञा तर थेट व्यवहाराची: तेल विक, देणं फेड, उरलेल्यावर तू आणि मुलं जगा. देवाचं सामर्थ्य असं हिशेबाच्या वहीपर्यंत येतं, हे फार मोलाचं आहे.

सोलापुरात मागावर किंवा विड्या वळून घर चालवणाऱ्या आपल्या मंडळींनी पगाराच्या दिवशी कागदावर दोन रकाने करावेत. एकात घरात काय आहे (शिलाई मशीन, अंगातली कला, येणारं काम), दुसऱ्यात कोणाचं किती देणं. एकेक ओळ वाचून प्रार्थना करा. बहुतेकांचं अडतं ते भांडी मागण्यापाशी: लाजेपायी चर्चमध्ये कोणाला सांगत नाहीत आणि जुनं फेडायला नवं व्याजाचं कर्ज काढतात. त्याआधी पाळकांना सांगा.