निकामी उपग्रह पृथ्वीच्या कक्षेतून कायमचे हाकलत का नाहीत?

कक्षाबाह्य:
भूस्थिर उपग्रहाचं (पृथ्वीच्याच गतीने फिरत आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या) आयुष्य संपलं की त्याला सुमारे ३०० किमी वर सरकवून 'स्मशानकक्षेत' सोडतात. म्हणजे कचरा अंगणातून उचलून ओसरीवर! मुळात ३५,७८६ किमी उंचीवर पोचलेली वस्तू, पृथ्वीच्या ओढीतून सुटायला तिला आणखी असं कितीसं लागणार? माझं मत स्पष्ट आहे: सुटकेपुरतं इंधन सोबत नेणं सक्तीचं करा.

खवचट खगोल:
'कितीसं' म्हणण्याआधी हिशोब मांडा की राव. वर्तुळाकार कक्षेत उपग्रहाची स्थितिज ऊर्जा ऋण असते आणि गतिज ऊर्जेच्या दुप्पट. त्यामुळे सुटायचं तर जेवढी गतिज ऊर्जा आहे तेवढीच आणखी घालावी लागते. तिथला वेग सेकंदाला ३.०७ किमी, तो ४.३५ वर न्यायचा. फरक जवळजवळ १.३ किमी. कक्षा राखायला वर्षाकाठी वेगात ५० मीटर/सेकंदांच्या आसपास बदल करण्याइतकं इंधन लागतं. म्हणजे तुम्ही पंचवीस वर्षांचं इंधन निव्वळ निरोपासाठी मागताय! स्मशानकक्षेला ११ मीटर/सेकंद पुरतात.

कक्षाबाह्य:
मंगळयानाचं काय मग? १ डिसेंबर २०१३ ला पृथ्वी सोडताना त्याच्या वेगात भर पडली ती ६४८ मीटर/सेकंदांची. तुमच्या आकड्याच्या निम्मी.

खवचट खगोल:
कारण त्याआधी टप्प्याटप्प्याने कक्षा ताणून दूरचं टोक १.९ लाख किमीवर नेलं होतं, आणि इंजिन पेटवलं ते पृथ्वीच्या अगदी जवळ, वेग सर्वाधिक असताना. जितका वेग जास्त, तितकी त्याच इंधनातून जास्त ऊर्जा पदरात पडते. भूस्थिर उपग्रहाला असं जवळचं टोकच नसतं.

निमूट वाचक:
आयन इंजिनं (विजेने भारित कण मागे फेकून रेटा देणारी) विसरलात का दोघं? इंधन फारच कमी लागतं.

खवचट खगोल:
लागतं, पण मंद रेट्याने गोल गोल फिरत बाहेर पडायला वेगाचा खर्च १.३ नाही, तीन किमीच्या घरात जातो. शिवाय काही महिने यंत्रणा धडधाकट हवी, आणि आपण बोलतोय निकामी उपग्रहांबद्दल.

रात्रपाळी:
सुटला म्हणजे गेला असंही नाही. २००२ मध्ये पृथ्वीभोवती फिरणारा एक 'लघुग्रह' सापडला. वर्णपटात टायटॅनियम ऑक्साइडच्या पांढऱ्या रंगाची खूण! बहुधा अपोलो १२ च्या अग्निबाणाचा तिसरा टप्पा. सूर्याभोवती फिरून परत आला होता, पुढच्याच वर्षी पुन्हा निसटला.

कक्षाबाह्य:
आला तरी एखादाच, तोही तीस वर्षांनी. स्मशानकक्षेत मात्र गर्दी वाढतच जाणार. तिथे दोन धेंडं आदळली आणि तुकडे खाली भूस्थिर पट्ट्यात उतरले, तर त्या ११ मीटरच्या काटकसरीचं बिल कोण भरणार?